आरव्हीच्या प्रवासात सॅटेलाइट टीव्हीवर नेटवर्क चॅनेल कसे मिळवायचे

भारतात डीटीएचची छत्री रत्नागिरीहून उचलून नागपूरला नेली, तरी तेच चॅनेल दिसतात. झी मराठी कोकणात वेगळं आणि विदर्भात वेगळं नसतं. एकच प्रक्षेपण सगळ्या देशावर पडतं. त्यामुळे अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन पहिल्यांदा लांब निघालेल्या आपल्या माणसाला एक कोडं पडतं. छत्री नीट लागलेली असते, सिग्नल भरपूर असतो, सीएनएन, ईएसपीएन, डिस्कव्हरी सगळं दिसतं. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स मात्र गायब. मग माणूस छत्री हलवत बसतो, केबल बदलतो, कुणी नवीन रिसीव्हरही विकत घेतो. छत्रीचा त्यात काहीच दोष नसतो.

मी आणि माझी बायको गेली काही वर्षं 28 फुटी ‘क्लास सी’, म्हणजे मध्यम आकाराच्या आरव्हीतून फिरतो. सुरुवातीचा पूर्ण उन्हाळा मी याच गैरसमजात घालवला. ज्यांना पहिल्याच सहलीत बातम्या, हवामान आणि रविवारचा फुटबॉल बघायचा आहे, त्यांच्यासाठी तेव्हापासून कळलेलं सगळं क्रमानं लिहितो आहे.

चॅनेल जातात कुठे

एनबीसी किंवा सीबीएस हे आपल्या अर्थानं एक चॅनेल नाही. ती नेटवर्क आहेत, आणि त्यांचे कार्यक्रम गावोगावची स्थानिक केंद्रं दाखवतात. प्रत्येक केंद्राचा इलाखा ठरलेला असतो. अख्ख्या अमेरिकेचे असे 210 टीव्ही बाजार पाडलेले आहेत. न्यूयॉर्क पहिल्या क्रमांकाचा, तर मोंटानातलं ग्लेंडाइव्ह सगळ्यात लहान. इलाखे बहुतांशी कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हद्दीवर ठरतात, राज्याच्या नाही. म्हणून कोलोरॅडोतलं डुरँगो आपल्याच राज्याची राजधानी असलेल्या डेन्व्हरच्या बाजारात नाही, शेजारच्या न्यू मेक्सिकोमधल्या आल्बुकर्कीच्या बाजारात आहे. ला प्लाटा कौंटी त्या बाजारात मोडते.

सॅटेलाइट कंपन्यांना ही स्थानिक केंद्रं त्यांच्याच इलाख्यात दाखवण्याची मोकळीक 1999 च्या कायद्यानं मिळाली. पण दोनशेहून जास्त बाजारांची हजारभर केंद्रं देशभर पसरवायची, तर उपग्रहावर तेवढी जागा कुठून आणणार? त्यावर तोडगा निघाला स्पॉट बीमचा. उपग्रह एका ठरावीक भागावर विजेरीसारखा लहान झोत टाकतो आणि त्या भागाची केंद्रं त्या झोतातच पाठवतो. त्याच फ्रीक्वेन्सी लांबच्या दुसऱ्या झोतात पुन्हा वापरता येतात. सीएनएनचा झोत मात्र अख्ख्या देशावर असतो.

तुम्ही गाडी घेऊन काहीशे किलोमीटर गेलात की आपल्या गावच्या झोतातून बाहेर पडता. छत्री उपग्रहाकडेच बघत असते, पण त्या फ्रीक्वेन्सीवर आता दुसऱ्याच गावचं काही येत असतं, आणि तुमच्या रिसीव्हरला ते उघडायची परवानगी नसते. चॅनेल जातात ते असे.

यातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. छतावरच्या साध्या अँटेनानं स्थानिक केंद्रं थेट हवेतून घ्यायची. किंवा कंपनीला कळवून सेवेचा पत्ता मुक्कामाच्या गावाचा करायचा. किंवा आरव्हीसाठी कायद्यात असलेल्या खास सवलतीचा उपयोग करून दूरच्या शहराची केंद्रं घ्यायची. मी याच क्रमानं जातो, आणि त्याचं कारण हवामान आहे.

कॅन्ससमध्ये डॉज सिटीजवळ एका मे महिन्यात आम्ही थांबलो होतो. संध्याकाळी आभाळ हिरवट झालं. टीव्हीवरच्या पट्टीत वादळाचा इशारा असलेल्या कौंटींची नावं सरकत होती. आम्ही कुठल्या कौंटीत आहोत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं! शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांनी सांगितलं, ‘फोर्ड कौंटी.’ तेव्हापासून मुक्कामाला पोचलं की पहिलं काम म्हणजे कौंटीचं नाव कागदावर लिहून टीव्हीखाली चिकटवणं. न्यूयॉर्कचं एनबीसी कितीही स्वच्छ दिसलं, तरी कॅन्ससमधल्या टॉर्नेडोचा इशारा ते देणार नाही. बारा फूट उंचीच्या पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसानं ही गोष्ट हलक्यानं घेऊ नये.

आधी साधा अँटेना

सॅटेलाइटवर पैसे घालण्यापूर्वी गाडीच्या छतावर काय आहे ते बघा. बहुतेक आरव्हींना कारखान्यातूनच अँटेना बसवलेला असतो. जुन्या गाड्यांवर वटवाघळाच्या पंखांसारखा, आतून हँडल फिरवून वर काढायचा, आणि नव्यांवर बहुधा गोल किंवा चपटा, न उचलता चालणारा. जून 2009 मध्ये अमेरिकेतलं मोठ्या केंद्रांचं प्रक्षेपण डिजिटल झालं, त्यामुळे हवेतून येणारं चित्र आता एचडी असतं आणि त्याला महिन्याचं काही द्यावं लागत नाही.

वापरायची रीत अशी. पंखवाला अँटेना असेल तर पूर्ण वर काढा. आत भिंतीवर, बहुधा टीव्हीजवळच्या कपाटात, एक लहान बटण आणि दिवा असतो. ते अँटेनाच्या बूस्टरचं बटण. ते चालू केलं नाही तर अँटेना जवळजवळ बहिरा. आमच्या गाडीतलं हे बटण डब्यांच्या मागे दडलेलं होतं, ते सापडेपर्यंत मी अँटेनाला नावं ठेवत होतो. त्यानंतर टीव्हीच्या मेनूत जाऊन ‘एअर’ किंवा ‘अँटेना’ निवडा, ‘केबल’ नाही. मग चॅनेल स्कॅन करा.

स्कॅन प्रत्येक गावात नव्यानं करावं लागतं. कालच्या गावची यादी आज निरुपयोगी असते. एफसीसी या सरकारी दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की जवळची केंद्रं, त्यांची दिशा आणि सिग्नलचा जोर दाखवणारा नकाशा मिळतो. अँटेना त्या दिशेला वळवा आणि पुन्हा स्कॅन करा. मोठ्या शहरांचे मनोरे बहुधा एकाच ठिकाणी असतात. डेन्व्हरचे बरेचसे पश्चिमेच्या लुकआउट माउंटनवर आहेत, म्हणजे एकदा दिशा साधली की बरीच केंद्रं मिळतात. सपाट मुलखात साठ-सत्तर किलोमीटरवरची केंद्रंही नीट येतात. दरीत उतरलात की दहा किलोमीटरवरचंही येत नाही.

एखादंच केंद्र हट्टानं येत नसेल, तर ते व्हीएचएफवर (कमी फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात) असण्याची शक्यता आहे. पडद्यावर दिसणारा चॅनेलचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा चॅनेल वेगळे असू शकतात. प्रत्यक्षातला 2 ते 13 मधला असेल तर तो व्हीएचएफ. लहान चपटे अँटेना तिथे कमी पडतात.

काही आरव्ही पार्कांत खांबावर केबलची जोडणीही देतात. ती लावलीत तर बूस्टर बंद करा आणि टीव्हीत ‘केबल’ निवडून स्कॅन करा.

शहराजवळ फिरणाऱ्याला एवढं पुरतं. पण येलोस्टोनच्या आत, युटाच्या खडकांत किंवा नेवाडाच्या वाळवंटात हवेतून काही येत नाही, आणि तिथे छत्री लागते.

कंपनी, रिसीव्हर आणि छत्री

देशात दोनच कंपन्या आहेत: डिश नेटवर्क आणि डायरेक्टीव्ही. कार्यक्रमांसाठी कुठलीही घ्या, पण फिरत्या गाडीत लहान छत्री वापरायची असेल तर फरक उपग्रहांत आहे. डायरेक्टीव्हीचे एचडी चॅनेल प्रामुख्यानं 99 आणि 103 अंश पश्चिम रेखांशावरच्या उपग्रहांवरून का-बँड या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात येतात. सुटकेसएवढे जे गोल डोम (आत लहान छत्री असलेले बंद डबे) बाजारात मिळतात, ते कू-बँड या दुसऱ्या पट्ट्यासाठी बनवलेले असतात. म्हणून डायरेक्टीव्हीवर एचडी हवं असेल तर ट्रायपॉडवर घरगुती आकाराची छत्री, किंवा छतावरची उघडमीट होणारी मोठी यंत्रचलित छत्री घ्यावी लागते. डिश नेटवर्कचं एचडी कू-बँडमध्येच आहे. लहान डोमवर चालतं. आम्ही त्यामुळेच डिश नेटवर्क घेतलं. त्यांच्याकडे आरव्हीवाल्यांसाठी महिन्यागणिक चालू-बंद करता येणारी योजना आहे, आणि 2010 पासून ते सर्व 210 बाजारांतली स्थानिक केंद्रं देतात.

घरच्याच खात्यातला एक रिसीव्हर उचलून गाडीत नेण्याचा मोह होतो. तो टाळा. सेवेचा पत्ता खात्याला जोडलेला असतो. प्रवासात तो बदललात की घरी राहिलेल्या मुलांच्या टीव्हीवरचे स्थानिक चॅनेलही बदलतात. आरव्हीचं खातं वेगळं असलेलं बरं.

रिसीव्हर साधा घ्या. डिश नेटवर्कचा वॉली किंवा त्याआधीचे 211 मालिकेतले रिसीव्हर डोमबरोबर चालतात. घरचा मोठा, अनेक ट्यूनरचा हॉपर बहुतेक डोमवर चालत नाही. डोमच्या आत एकच लहान छत्री असते आणि ती एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघते. तुम्ही चॅनेल बदलला आणि तो दुसऱ्या उपग्रहावर असला, की आतली मोटर घुरघुरते आणि छत्री वळते. हॉपरला एकाच वेळी सगळे उपग्रह हवे असतात.

छत्रीत तीन प्रकार. जमिनीवर ठेवायचा स्वयंचलित डोम: विनेगार्डचा पाथवे किंवा प्लेमेकर, किंगचा टेलगेटर. छतावर कायमचा बसवलेला डोम. आणि ट्रायपॉडवर हातानं लावायची उघडी छत्री. छतावरचा सोयीचा, पण गाडी झाडाखाली असली की संपलं. जमिनीवरचा डोम तीस फूट लांब उन्हात नेऊन ठेवता येतो. झाडांच्या कॅम्पग्राउंडमध्ये ज्यांचे दिवस जातात त्यांनी जमिनीवरचाच घ्यावा. उघडी छत्री लावायला कष्ट जास्त, पण पावसात ती सगळ्यात शेवटी हार मानते, कारण तिचं तबक मोठं.

कायद्याच्या सवलतीसाठी मात्र हा निवड-क्रम उलटतो, ते पुढे सांगतो.

मुक्कामावर छत्री लावणं

जागा आरक्षित करतानाच विचारा: ‘दक्षिणेकडे आभाळ मोकळं आहे का?’ सगळे टीव्ही उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे अमेरिकेतून बघितलं तर दक्षिणेच्या बाजूला. उत्तरेला दाट जंगल असलं तरी फरक पडत नाही.

डिश नेटवर्कचे उपग्रह दोन गटांत आहेत. पश्चिमेचा गट 110, 119 आणि 129 अंशांवर, पूर्वेचा 61.5, 72.7 आणि 77 अंशांवर. डेन्व्हरमधून पश्चिम गट खऱ्या उत्तरेपासून मोजून सुमारे 188 ते 215 अंशांच्या दिशेत, आणि क्षितिजापासून 38 ते 44 अंश वर दिसतो. म्हणजे दक्षिण ते नैर्ऋत्य, साधारण अर्ध्या आभाळावर. 42 अंशांच्या कोनाला सोपा हिशोब असा: झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या सव्वा पट तरी छत्री लांब ठेवा. पन्नास फुटी झाडापासून साठ-पासष्ट फूट.

तीच छत्री मेनमधल्या बार हार्बरला नेलीत तर 119 चा उपग्रह क्षितिजापासून फक्त 19 अंशांवर आणि 129 चा 12 अंशांवर येतो. समोरचं साधं शेड आडवं येतं. तिथे पूर्वेचा गट घ्यायचा. 72.7 चा उपग्रह तिथे 38 अंशांच्या वर असतो. म्हणून डोम विकत घेतानाच बघा की तो दोन्ही गट पकडतो का आणि गट कसा बदलायचा. अलास्कात अँकरेजमधून 119 चा उपग्रह जेमतेम 16 अंशांवर असतो. लहान डोमच्या आशेवर तिकडे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष लावणं.

१. आधी गाडी सपाट करा, जॅक टाका, स्लाइड (गाडीची बाहेर सरकणारी बाजू) बाहेर काढा. छतावरचा डोम असेल तर हे सगळं झाल्यावरच चालू करा. शोध लागल्यानंतर गाडी हलवली की कोन बिघडतो.

२. केबल बाहेरच्या ‘सॅट’ लिहिलेल्या जोडणीतून थेट रिसीव्हरपर्यंत गेली आहे ना, ते बघा. जमिनीवरच्या डोमला वीज याच केबलमधून रिसीव्हरकडून मिळते. मध्ये भिंतीत साधा स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) किंवा अँटेनाचा बूस्टर असेल तर वीज पोचत नाही आणि डोम मुका बसून राहतो. आमच्या गाडीत शयनखोलीच्या टीव्हीसाठी भिंतीत असाच एक स्प्लिटर दडवलेला होता. शंका आली की भिंतीतली केबल सोडून द्या, नवी आरजी-6 केबल खिडकीतून सरळ रिसीव्हरला लावून बघा. लगेच चाललं, तर दोष भिंतीत आहे.

३. डोम सपाट जागी ठेवा आणि रिसीव्हर चालू करा. रिसीव्हरच्या मेनूत अँटेनाचा प्रकार बरोबर निवडा. नंतर पाच-दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मध्येच उचलून सरकवला की शोध पहिल्यापासून सुरू होतो.

४. उघडी छत्री असेल तर ट्रायपॉडचा खांब पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी उभा सरळ करा. ही पायरी लोक टाळतात आणि मग तासभर झगडतात. खांब तिरका असेल तर छत्रीवरच्या कोनाच्या खुणा खोट्या ठरतात. आकाशात एका अंशाची चूक म्हणजे उपग्रहाच्या उंचीवर सहाशे किलोमीटरहून जास्त.

५. रिसीव्हरच्या छत्री लावण्याच्या पडद्यावर झिप कोड (तिथला पिन कोड) घाला. तीन आकडे मिळतात: दिशा, उंचीचा कोन आणि छत्रीचा तिरकेपणा. शेवटचे दोन आधी पक्के करा. मग फक्त दिशाच शोधायची राहते.

६. होकायंत्र घेऊन गाडीपासून आठ-दहा पावलं लांब उभे राहा, कारण गाडीचं लोखंड सुई ओढतं. आकडा खऱ्या उत्तरेचा आहे की चुंबकीय, हे पाहून घ्या. डेन्व्हरमध्ये दोन्हींत सुमारे 8 अंशांचा फरक आहे. खऱ्या उत्तरेनं 201 असेल तर होकायंत्रावर 193 धरा. मेनमध्ये फरक 15 अंशांच्या आसपास आणि उलट दिशेला, तिथे मिळवायचा.

७. छत्री बोटभर सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा बोटभर. डिजिटल सिग्नल पकडायला रिसीव्हरला वेळ लागतो. भराभर फिरवलीत तर उपग्रह ओलांडून जाल आणि कळणारही नाही. सिग्नल आला की पडद्यावर उपग्रहाचा क्रमांक वाचा. 119 ऐवजी 110 लागणं अगदी सहज होतं. बरोबर लागला की सर्वाधिक जोर मिळेपर्यंत इकडे-तिकडे किंचित सरकवा आणि बोल्ट आवळा.

८. ट्रायपॉडला पाण्यानं भरलेला गॅलनचा कॅन टांगा. मैदानी मुलखातला वारा छत्री कधी पाडेल सांगता येत नाही.

डोमवर साचलेलं दव किंवा ओला बर्फसुद्धा सिग्नल खातो. सकाळी चित्र अडखळत असेल तर आधी फडक्यानं डोम पुसा.

पत्ता बदलणं

छत्री लागली, सीएनएन दिसतंय. आता स्थानिक केंद्रं. कंपनीला फोन करा किंवा त्यांच्या ॲपवर, संकेतस्थळावर जा, आणि सेवेचा पत्ता तात्पुरता मुक्कामाच्या जागेचा करा. इथे काही गोष्टी नीट पाळा.

कॅम्पग्राउंडचा पूर्ण पत्ता आणि झिप कोड हाताशी ठेवा. तो कार्यालयाच्या पावतीवर असतो. ‘फक्त सेवेचा पत्ता बदला, बिलाचा नाही’ असं स्पष्ट सांगा. एकदा माझं बिलही वायोमिंगच्या एका कॅम्पग्राउंडला जायला लागलं होतं. बदल करताना रिसीव्हर चालू आणि सिग्नल लागलेला असू द्या. नव्या केंद्रांची परवानगी उपग्रहावरूनच रिसीव्हरला येते, तो बंद असेल तर ती पोचत नाही. नंतर रिसीव्हर एकदा बंद करून चालू करा आणि मार्गदर्शक यादी नव्यानं भरू द्या.

एवढं करूनही एखादं केंद्र दिसलं नाही, तर बघा की त्याचा उपग्रह तुमच्या छत्रीला मिळतो आहे का. काही गावांची केंद्रं एकाच गटाच्या एकाच उपग्रहावर असतात. तो नेमका झाडामागे असेल तर बाकी सगळं चालूनही तेवढंच बंद राहतं. छत्री दहा फूट सरकवून हे सुटतं.

रेकॉर्डिंग लावून ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की पत्ता बदलला की जुन्या गावच्या चॅनेलवर लावलेलं रेकॉर्डिंग होत नाही. नव्या चॅनेलवर ते पुन्हा लावावं लागतं.

आम्ही तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर पत्ता बदलत नाही. तेवढ्यासाठी साधा अँटेना. आठवडाभर थांबणार असू तर पहिल्या संध्याकाळीच बदलतो.

दूरच्या नेटवर्कची सवलत

जे रोज जागा बदलतात, त्यांना रोज फोन करणं शक्य नाही. अशांसाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या 119 व्या कलमात तरतूद आहे. ज्या घरांपर्यंत स्थानिक केंद्र पोचत नाही, त्यांना दूरच्या शहराचं केंद्र दाखवायची परवानगी पूर्वी सॅटेलाइट कंपन्यांना होती. 2019 च्या अखेरीस झालेल्या बदलानं ती सामान्य घरांसाठी जवळजवळ बंद झाली, पण आरव्ही आणि मालवाहू ट्रक यांच्यासाठी राहिली. अट अशी, की कंपनी सर्व 210 बाजारांत स्थानिक केंद्रं देणारी हवी.

ही सवलत आपोआप मिळत नाही, कागद द्यावे लागतात. एक, लेखी प्रतिज्ञापत्र. त्यात लिहायचं की छत्री गाडीला कायमची बसवलेली आहे आणि कुठल्याही स्थिर घरात ही सेवा वापरली जाणार नाही. दोन, राज्याच्या चालू वाहन नोंदणीची प्रत. ट्रकवाल्यांना व्यावसायिक चालक परवान्याची प्रतही लागते. दोन वर्षांहून जास्त सेवा हवी असेल तर कागद पुन्हा द्यावे लागतात.

‘कायमची बसवलेली’ हे शब्द वाचून थांबा. ट्रायपॉडवरची छत्री किंवा जमिनीवर ठेवायचा डोम त्यात बसत नाही. ही सवलत हवी असेल तर छतावर पक्का बसवलेला डोम घ्या आणि मगच सही करा. खोटं लिहून सही करू नका. एका जागी कायम उभी केलेली मोबाइल होमही कायद्यानं यातून वगळलेली आहे.

कायद्यानुसार एका दिवसात प्रत्येक नेटवर्कची जास्तीत जास्त दोनच दूरची केंद्रं देता येतात. म्हणून सहसा एक पूर्व किनाऱ्याचं आणि एक पश्चिमेचं, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस, अशी जोडी असते. याचा एक छान उपयोग आहे. रात्री आठची मालिका पॅसिफिक वेळेच्या मुलखात न्यूयॉर्कच्या केंद्रावर संध्याकाळी पाचलाच लागते, आणि चुकली तर लॉस एंजेलिसवर तीन तासांनी पुन्हा सापडते. लवकर झोपणाऱ्यांची सोय होते.

करार करण्यापूर्वी कंपनीला तीन प्रश्न विचारा: आरव्हीसाठी दूरची नेटवर्क तुम्ही सध्या माझ्या योजनेत देता का, कोणकोणती नेटवर्क देता, आणि माझी छत्री त्या उपग्रहाला चालते का. फोनवरच्या पहिल्या माणसाला ही तरतूद ठाऊक नसते, तेव्हा आरव्ही विभागाकडे फोन वळवायला सांगा.

इंटरनेटवाल्यांसाठी थोडं

उपग्रहावरून इंटरनेट देणारं स्टारलिंक आल्यापासून बरेच जण छत्रीच ठेवत नाहीत. मराठी मालिका आम्हीही इंटरनेटवरच बघतो. पण नेटवर्क चॅनेलचा पेच तिथेही सुटत नाही. थेट टीव्हीची ॲप तुम्ही कुठे आहात हे इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखतात, आणि स्टारलिंकचा पत्ता शेकडो किलोमीटर दूरच्या शहराचा निघू शकतो. मग तुम्ही मोंटानात आणि बातम्या दुसऱ्याच राज्याच्या. ॲपमध्ये सध्याचं ठिकाण फोनच्या जीपीएसनं पक्कं करायची सोय असेल तर ती आधी करा. वादळाच्या दिवसांत ॲपवर विसंबू नका. साधा अँटेना आणि बॅटरीवरचा हवामान रेडिओ दोन्ही जवळ असू द्या.

निघताना

पंखवाला अँटेना खाली घेतल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. बायकोनं यावर नामी उपाय काढला. अँटेना वर काढला की गाडीची किल्ली त्याच्याच हँडलला टांगायची. किल्ली घ्यायला गेलं की अँटेना दिसतोच. जमिनीवरच्या डोमची केबल सोडून गुंडाळा, टोकांवर प्लास्टिकची टोपणं घाला, पाणी शिरलं की पुढच्या गावात सिग्नल येत नाही. पत्ता बदललेला असेल तर पुढच्या मुक्कामाचा झिप कोड आताच लिहून ठेवा. आणि टीव्हीखालचा कौंटीचा कागद काढून टाका, पोचल्यावर तिथे नवं नाव लिहायचं आहे.